काढ्याचाही हिशेब हवा : मधुमेहात वनौषधी आणि आधुनिक उपचार

भंडारा आणि नागपूर यांना जोडणाऱ्या महामार्गालगत जवाहरनगर वसले आहे. १९६० च्या दशकात इथे आयुध निर्माणी आली आणि तिच्याभोवती वसाहत उभी राहिली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कामगार कुटुंबे, पाळीची नोकरी आणि महिन्याचा पगार हे या गावाचे एक अंग. कुंपणाबाहेर धानाच्या बांध्या आहेत, जवळच्या ठाणा गावाची बाजारपेठ आहे आणि पुढे कोका-नागझिऱ्याकडे पसरत जाणारे जंगल आहे. त्या जंगलात बीजा, जांभूळ, आवळा, हिरडा, बेहडा आणि गुळवेल वाढते. त्यामुळे ज्याला 'शुगर निघाली' त्याच्या हाताशी दोन्ही प्रकारचे उपाय असतात. दवाखान्यातून मेटफॉर्मिनची पट्टी मिळते आणि आठवडी बाजारात बीजाच्या लाकडाचा पेला किंवा जांभळाच्या बियांचे चूर्ण मिळते. बहुतेक घरांत मग दोन्ही चालू होतात. एकाची नोंद फाइलमध्ये असते, दुसऱ्याची कुठेच नसते.

गोळी चालू ठेवून काढा घ्यावा का? घेतला तर फायदा किती आणि धोका कुठे? या प्रश्नांवर गेल्या शंभर वर्षांत बरेच काम झाले आहे. त्यात महाराष्ट्रातल्या वैद्यांचा आणि डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. हे सारे वाचल्यावर माझे मत एका गोष्टीवर स्थिर झाले आहे. जी वनस्पती रक्तातली साखर उतरवते, ती औषध आहे. औषध म्हटले की मात्रा, मोजमाप आणि उपचार करणाऱ्याला तिची माहिती या तीन गोष्टी आल्याच. या तीन गोष्टी पाळल्या तर वनौषधीला मधुमेहात जागा आहे. त्या सोडून दिल्या तर तीच वनस्पती घात करू शकते.

आजार केवढा पसरला आहे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियॅब' पाहणीचा देशव्यापी अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के भरते. महाराष्ट्राची पाहणी त्याच प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात झाली होती. २०११ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत राज्यातल्या प्रौढांपैकी ८.४ टक्के, म्हणजे सुमारे ९२ लाख माणसे मधुमेही असल्याचा अंदाज होता.

आपल्याकडे हा आजार लठ्ठ माणसालाच होतो असे नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. इतकी हडकुळी दिसणारी आपली बाळे चरबीच्या बाबतीत मात्र मागे नव्हती. अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त, हा वारसा जन्मापासूनच येतो. मग पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याचा किंवा निर्माणीतल्या सडपातळ कामगाराचा रिपोर्ट वाढीव आला तर नवल वाटायला नको. भंडारा हा धानाचा जिल्हा. दोन्ही वेळच्या ताटात भात भरपूर आणि डाळ-भाजी बेताची असली की जेवणानंतरची साखर चढते. पाळीच्या नोकरीत जेवणाची आणि झोपेची वेळ दर आठवड्याला बदलते, तिचाही भार पडतो. अशा माणसाला दिवसातून तीनदा साखर उतरवणाऱ्या तीन वेगवेगळ्या गोष्टी दिल्या जात असतील, तर त्या एकमेकींशी कशा वागतात हे त्याला कळायलाच हवे. जिथे स्फोटके हाताळली जातात अशा ठिकाणी काम करणाऱ्याच्या बाबतीत तर साखर एकाएकी उतरणे हा त्याच्या एकट्याचा प्रश्न राहत नाही.

जुन्या ग्रंथांपासून आजच्या गोळीपर्यंत

चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले. कारणांमध्ये त्याने सुखासीन बैठक, अति झोप, दही, गुळाचे पदार्थ आणि नवे धान्य यांचा उल्लेख केला. सुश्रुताने प्रमेहाचे दोन गट पाडले. एक जन्मजात, ज्यात रोगी कृश असतो. दुसरा अपथ्यामुळे होणारा, ज्यात रोगी स्थूल असतो. आजच्या टाइप १ आणि टाइप २ शी ही विभागणी पूर्ण जुळत नाही, पण निरीक्षण किती सूक्ष्म होते हे तिच्यातून दिसते. औषधांच्या बरोबरीने, कधी त्यांच्याही आधी, या ग्रंथांनी चालणे, कष्ट आणि आहारातला बदल सांगितला. चूर्णाची डबी विकणारे हा भाग नेमका गाळतात.

विसाव्या शतकात या वनस्पतींची आधुनिक पद्धतीने तपासणी सुरू झाली. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बामनदास बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९१८ मध्ये निघाला. त्याची दुसरी आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांमध्ये डॉ. म्हसकर होते. याच म्हसकरांनी कायुस यांच्याबरोबर गुडमार या वेलीचा अभ्यास करून १९३० मध्ये तो प्रसिद्ध केला. पाला चावल्यावर काही वेळ गोड चव लागत नाही, हा या वेलीचा गुण लोकांना आधीपासून माहीत होता. ती साखर खरेच उतरवते का, हे प्रयोगशाळेत तपासण्याची सुरुवात अशी झाली.

ज्या मेटफॉर्मिनला आपण पूर्णपणे रासायनिक गोळी समजतो, तिचे मूळही एका झाडात आहे. युरोपात 'गलेगा' नावाची वनस्पती वारंवार लघवी होण्याच्या आजारात वापरत. तिच्यातले ग्वानिडिन जातीचे द्रव्य साखर उतरवते, पण ते विषारी होते. त्याच्याशी नाते असलेले मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिनमध्ये तयार झाले आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना देऊन पाहिले. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या अलीकडच्या गोळ्यांचीही अशीच कथा आहे. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळे काढले गेले. ते लघवीवाटे साखर बाहेर टाकते हे नंतर कळले, आणि पुढे त्यात फेरफार करत या गोळ्या घडल्या.

या इतिहासातून दोन गोष्टी शिकायच्या. वनस्पतीत गुण असतो, हे आधुनिक वैद्यकाने कधी नाकारलेले नाही. आणि तो गुण सुरक्षितपणे माणसापर्यंत पोचवायचा तर विषारी भाग वेगळा करणे, मात्रा ठरवणे आणि वर्षानुवर्षे रुग्णांवर लक्ष ठेवणे यातून जावे लागते. गलेगाचा काढा पिणारे आणि मेटफॉर्मिन घेणारे यांच्यामध्ये नेमके हे कष्ट उभे आहेत.

एकेका वनस्पतीचा पुरावा

पूर्व विदर्भासाठी सर्वांत महत्त्वाचा पुरावा बीजाचा, म्हणजे विजयसाराचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चार केंद्रांवर नुकतेच निदान झालेल्या ९७ रुग्णांना दिवसाला २ ते ४ ग्रॅम औषध मोजून दिले. १९९८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार बारा आठवड्यांत ६७ जणांची, म्हणजे ६९ टक्के रुग्णांची साखर आटोक्यात आली. उपाशीपोटीची साखर सरासरी ३२ आणि जेवणानंतरची ४५ मिलिग्रॅमने उतरली. हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण पुढचेही वाचले पाहिजे. हे रुग्ण सौम्य मधुमेहाचे होते. तुलनेसाठी बिनऔषधी गट नव्हता. दीर्घकालीन सरासरी दाखवणाऱ्या, साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनच्या चाचणीचा आकडा ९.८ वरून ९.४ पर्यंतच आला. परिषदेने पुढे टॉलब्युटामाइड या जुन्या गोळीशी बीजाची तुलनाही केली. लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी या चाचण्यांत नव्हते. पेल्यातल्या पाण्यात किती द्रव्य उतरते, दहाव्या दिवशी किती आणि पन्नासाव्या दिवशी किती, हे पिणाऱ्याला कळायला मार्ग नाही. पाण्याचा रंग बदलला म्हणजे मात्रा बरोबर झाली असे होत नाही.

गोळीबरोबर वनस्पती देऊन पाहण्याचा जुना प्रयत्न गुडमारचा आहे. मद्रास विद्यापीठातल्या संशोधकांनी टाइप २ च्या २२ रुग्णांना त्यांच्या चालू गोळ्यांसोबत गुडमारच्या पानांचा अर्क रोज ४०० मिलिग्रॅम दिला. हे दीड वर्षाहून अधिक काळ चालले. १९९० च्या त्या अहवालात पाच जणांची गोळी बंद करता आली आणि इतरांची मात्रा घटवता आली असे म्हटले आहे. गोळी कमी केली ती साखर मोजत आणि देखरेखीखाली, ही यातली लक्षात ठेवण्यासारखी बाब. संख्या लहान होती आणि कोणाला काय दिले हे सर्वांना माहीत होते, ही त्याची मर्यादा.

मेथीचा पुरावा वेगळ्या स्वरूपाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी १९९० च्या सुमारास मेथीदाण्यांवर काम केले आणि साखर उतरल्याचे दाखवले. मेथीत विरघळणारा तंतू भरपूर असतो. तो आतड्यात चिकट थर धरतो आणि अन्नातली साखर रक्तात सावकाश जाऊ देतो. मात्र त्या प्रयोगांत दिवसाला २५ पासून १०० ग्रॅमपर्यंत मेथी दिली होती. आपण रात्री भिजवतो ते एक चमचा दाणे पाच ग्रॅमच्या आसपास भरतात. ते खायला हरकत नाही, पण प्रयोगातल्या परिणामाची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये.

कारल्याचा लौकिक सर्वांत मोठा आणि पुरावा त्या मानाने दुबळा आहे. थायलंडमध्ये २०११ मध्ये झालेल्या चाचणीत दिवसाला २ ग्रॅम कारल्याच्या औषधाने साखर थोडी उतरली, पण १ ग्रॅम मेटफॉर्मिनइतकी नाही. २०१२ मध्ये कॉक्रेन संस्थेने चार चाचण्यांतल्या ४७९ रुग्णांची माहिती एकत्र तपासली आणि कारले टाइप २ मध्ये उपयोगी पडते असे म्हणण्याइतका आधार नाही असा निष्कर्ष काढला. जांभळाच्या बाबतीत ब्राझीलमधल्या संशोधकांनी त्याच्या पानांचा चहा देऊन पाहिला आणि साखरेत फरक आढळला नाही. आपल्याकडे बियांचे चूर्ण घेतात, पाने नाहीत, म्हणून हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. पण 'जांभूळ म्हणजे शुगरवर हमखास' या समजुतीला माणसांवरच्या प्रयोगांचा भक्कम आधार अजून मिळालेला नाही. दालचिनीवरच्या दहा चाचण्यांतूनही कॉक्रेनला २०१२ मध्ये ठाम काही सांगता आले नाही.

या वनस्पती एकत्र करून बनवलेली सरकारी संशोधन संस्थांची औषधेही बाजारात आहेत. केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेच्या 'आयुष-८२' मध्ये कारले, जांभूळबी, आंब्याची कोय आणि गुडमार आहे. लखनौच्या दोन राष्ट्रीय प्रयोगशाळांनी विकसित केलेल्या 'बीजीआर-३४' मध्ये दारुहळद, गुळवेल, विजयसार, गुडमार, मंजिष्ठा आणि मेथी आहे. यांची मात्रा ठरलेली असते, हा त्यांचा गुण. पण डोळे, किडनी, हृदय आणि पाय यांना होणारी इजा टळते का, याचे उत्तर दहा-वीस वर्षांच्या अभ्यासातून येते. तसे काम मेटफॉर्मिन, इन्सुलिन आणि जुन्या गोळ्यांवर ब्रिटनमध्ये झाले. पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, आणि सुरुवातीपासून साखर आटोक्यात ठेवली तर सूक्ष्म रक्तवाहिन्यांची इजा सुमारे पाव हिश्शाने घटते हे सिद्ध झाले. कोणत्याही वनौषधीपाशी आज असा पुरावा नाही. म्हणून 'आधी सहा महिने जडीबुटी करून पाहू, मग गोळी' हा क्रम चुकीचा आहे. वाया जातात ते सुरुवातीचे मोलाचे महिने.

दोन्ही एकत्र घेतल्यावर

१९७९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या एका पाकिस्तानी महिलेची हकिकत आली. ती क्लोरप्रोपामाइड ही मधुमेहाची गोळी घेत होती. डॉक्टरांना तिची साखर अनपेक्षितपणे खाली-वर होताना दिसे. कारण शोधता शोधता ते स्वयंपाकघरापर्यंत पोचले. ती अधूनमधून कारल्याची भाजी खात होती, आणि त्या दिवसांत साखर जास्त उतरत होती. रोजच्या भाजीचा हा परिणाम असेल तर रोज सकाळी ग्लासभर रस पिणाऱ्याने काय धरून चालावे?

धोका कोणत्या गोळीला जास्त, हे समजून घेणे सोपे आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. त्यांच्यावर किंवा इन्सुलिनवर असलेल्या माणसाने कारले, गुडमार किंवा बीजाचे औषध जोडले तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातांची थरथर, धडधड, भोवळ आणि बोलण्यात गोंधळ ही त्याची चिन्हे. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे असते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. एकट्या मेटफॉर्मिनवर हा धोका बराच कमी असतो.

मेथी आणि इसबगोल यांचा तंतू गोळीला आतड्यात अडवू शकतो. म्हणून ते आणि गोळ्या, विशेषतः थायरॉइडची गोळी, यांच्यात काही तासांचे अंतर हवे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीवाटे पाणी आणि साखर बाहेर टाकतात. त्या चालू असताना जुलाबाचे औषध, विरेचन किंवा कडक उपवास केला तर शरीर कोरडे पडते आणि साखरेचा आकडा फार चढलेला नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. मधुमेहाबरोबर रक्तदाब असणाऱ्यांनी ते रोज घेऊ नये.

गुळवेलीचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत गुळवेलीवर मोलाचे काम केले. ती शरीराची प्रतिकारयंत्रणा चेतवते हे त्यांनी दाखवले. पुढे करोनाच्या काळात लोक घरोघरी गुळवेलीचा काढा पिऊ लागले. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासले नव्हते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंचे म्हणणे एकत्र ठेवले तर रुग्णासाठी निष्कर्ष एकच निघतो. जी वनस्पती प्रतिकारशक्ती चेतवते, ती काहींच्या बाबतीत स्वतःच्याच यकृतावर प्रतिकारशक्ती उलटवू शकते. आणि जी वनस्पती ओळखता येत नाही, ती सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही.

धातूंचा प्रश्न आणखी गंभीर आहे. प्रमेहात वापरल्या जाणाऱ्या त्रिवंग भस्मात शिसे, कथील आणि जस्त असते. मधुमेहाने आधीच किडनीवर ताण असतो. त्यावर शिसे जाणे परवडणारे नाही. बोस्टनच्या संशोधकांनी २००४ मध्ये तिथल्या दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली, त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. भेसळीचे दुसरे रूप म्हणजे 'शुद्ध जडीबुटी'च्या कॅप्सूलमध्ये गुपचूप मिसळलेली अॅलोपथीची गोळी. सिंगापूरमध्ये २००८ मध्ये पौरुषवर्धक म्हणून विकलेल्या बेकायदा औषधांत ग्लिबेनक्लामाइड निघाले. मधुमेह नसलेली १५० माणसे साखर उतरून रुग्णालयात आली आणि चौघे दगावले. एखाद्या बिनलेबलच्या चूर्णाने दोन दिवसांत साखर धडाधड उतरली, तर तो चमत्कार न मानता आत काय मिसळले आहे याचा संशय घ्यावा.

घरच्या रसांचेही तसेच. २०१० मध्ये दिल्लीत दुधी आणि कारल्याचा रस घेणाऱ्या एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमली आणि कडू लागणारा दुधीचा रस मुळीच पिऊ नये असे बजावले. दुधीतला कडूपणा हे विषाचे लक्षण आहे. 'कडू म्हणजे शुगरवर चांगले' ही समजूत इथे जीवावर बेतते.

मोजमापात एक स्थानिक अडचण

काढ्याचा उपयोग होतो की नाही, हे ठरवायला लोक हल्ली तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीवर भिस्त ठेवतात. पूर्व विदर्भात तिथे एक अडचण आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि नागपूर हा सिकलसेल या रक्तविकाराचा पट्टा आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे एचबीए१सी खोटा कमी येतो. नुसते वाहक असलेल्यांच्या बाबतीतही काही यंत्रांवर आकडा चुकू शकतो. लोहाच्या कमतरतेने तो उलट वाढू शकतो. म्हणजे काढा चालू केल्यावर सहाचा आकडा दिसला तरी साखर खरेच उतरली असेलच असे नाही. जवाहरनगरच्या परिसरातल्या मधुमेहीने एकदा सिकलसेलची तपासणी करून घ्यावी, ती सरकारी दवाखान्यांतून होते. आणि एचबीए१सीबरोबर उपाशीपोटीची व जेवणानंतर दोन तासांची साखरही पाहावी. वनौषधीचा निवाडा या तीन आकड्यांनी मिळून करायचा.

व्यवस्थेने काय केले

दोन्ही पद्धती एका छताखाली आणण्याचा प्रयत्न सरकारने केला आहे. २०१५-१६ पासून असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला आयुर्वेदाची जोड देण्याचा प्रकल्प राजस्थानातील भिलवाडा, गुजरातेतील सुरेंद्रनगर आणि बिहारमधील गया या जिल्ह्यांत राबवला गेला. महाराष्ट्रात वेगळ्या रीतीने हे मिश्रण रोजच घडते. गावातला डॉक्टर बहुधा बीएएमएस असतो, शासनाच्या अधिसूचनांमुळे तो आधुनिक औषधेही देतो. त्याला दोन्ही भाषा येतात. काढा आणि गोळी यांचा हिशेब एकत्र मांडायला त्याच्याइतकी योग्य व्यक्ती दुसरी नाही, आणि तरीही या कामासाठी त्याला कोणी तयार केलेले नाही.

१९५४ च्या जाहिरातीविषयक कायद्याने मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातीला बंदी आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा दाव्यांवरून एका मोठ्या कंपनीला जाहीर माफी मागायला लावली. तरी चौकाचौकांत 'मधुमेह मुळापासून' असे फलक दिसतातच. ग्रंथोक्त औषधांना परवान्यासाठी नव्याने रुग्णचाचणीची अट नाही, ही त्यामागची दुसरी फट. दुसरीकडे, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले आहेत, आणि २०२५ मध्ये पेटंट संपल्यावर एम्पाग्लिफ्लोझिनही स्वस्त झाले. गोळी परवडत नाही म्हणून जडीबुटी, हे कारण आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. राहिली आहे ती भीती. गोळ्यांनी किडनी जाते असे लोक मानतात. किडनी खराब करतात ते वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब. मेटफॉर्मिनची मात्रा किडनीची क्षमता उतरल्यावर कमी करतात किंवा ती बंद करतात, कारण तेव्हा औषध शरीरात साठते. ते किडनी बिघडवते म्हणून नाही. हे समजावून सांगायला ओपीडीत दोन मिनिटे मिळत नाहीत, आणि ती दोन मिनिटे मग चूर्ण विकणारा देतो.

आज घरात पाळता येईल असे

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाचे इन्सुलिन कोणत्याही वनस्पतीसाठी एक दिवसही थांबवू नये. इन्सुलिन येण्यापूर्वी, म्हणजे १९२२ च्या आधी, अशी मुले वाचत नसत. गरोदर स्त्रीने, यकृताचा किंवा किडनीचा आजार असलेल्याने आणि शस्त्रक्रिया ठरलेल्याने वनौषधी स्वतःहून सुरू करू नये. गोळीची मात्रा स्वतः घटवू नये, ती डॉक्टरच घटवतील.

इतरांना वनौषधी घ्यायची असेल तर एका वेळी एकच घ्यावी. परवाना क्रमांक, बॅच आणि घटक छापलेले औषध घ्यावे, धातूंचे भस्म टाळावे. सुरू करण्यापूर्वी साखर, क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या कराव्यात. सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे घरच्या ग्लुकोमीटरवर साखर पाहून वहीत लिहावी, तारखेसमोर गोळीही लिहावी आणि काढाही. तीन महिन्यांनी तपासण्या पुन्हा कराव्यात. फरक नसेल तर औषध बंद करावे. ती वही डॉक्टरांना आणि वैद्यांना, दोघांनाही दाखवावी. डॉक्टरांनीही 'घरी आणखी काय घेता?' हा प्रश्न न रागावता विचारावा. रुग्ण लपवतो तो ओरडा बसेल या धास्तीने.

संशोधनाची एक मोठी जागा रिकामी आहे, आणि ती भरायला नागपूरइतके सोयीचे ठिकाण क्वचित सापडेल. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि एम्स एकाच शहरात आहेत, शेजारी सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि पूर्वेला बीजाचे जंगल आहे. मेटफॉर्मिन घेऊनही साखर आटोक्यात न येणाऱ्यांना बीजाचा प्रमाणित अर्क जोडून काय होते, याची नीट चाचणी इथे होऊ शकते. सिकलसेल असलेल्यांचा हिशेब वेगळा ठेवून, किडनी आणि यकृत तपासत, निदान दोन वर्षे. बीजाचे झाड मुळात संकटाकडे झुकलेल्या जातींमध्ये मोजले जाते. त्याचे पेले आणि साली अंदाजाने विकत राहणे जंगलालाही परवडणारे नाही. उपयोग सिद्ध झाला तर लागवड आणि संवर्धन यांना कारण मिळेल, नाही झाला तर निदान झाड वाचेल.

आयुर्वेदावर ज्यांचे प्रेम आहे त्यांनी हिशेबाला घाबरू नये. चरकाने प्रत्येक द्रव्याची मात्रा, काळ आणि रोग्याची प्रकृती पाहूनच औषध द्यायला सांगितले होते. आधुनिक वैद्यकाने वेगळ्या साधनांनी तेच केले. जवाहरनगरच्या घरातल्या वहीत ज्या दिवशी गोळी आणि काढा शेजारी शेजारी लिहिले जातील आणि समोर साखरेचा आकडा असेल, त्या दिवसापासून दोन्ही पद्धती खऱ्या अर्थाने एकत्र येतील. त्यासाठी नव्या संस्थेची वाट पाहण्याची गरज नाही, रुग्ण, डॉक्टर आणि वैद्य यांनी एकमेकांपासून काही न लपवण्याचे ठरवले तरी पुरे.